केळी वाचणारा ब्राउझर

मित्रांनो, इंटरनेट ज्या खिडकीतून दिसतं तिला ब्राउझर म्हणतात. मी तसाच एक जुना ब्राउझर आहे. उमेळे गावच्या एकनाथकाकांकडे मी १९९९ साली आलो. मला कुणी निवडलं नव्हतं. नव्या फ्लॅटबरोबर पंखा येतो, तसा मी संगणकाबरोबर आलो.

माझा काळ मोठा होता. कितीतरी संकेतस्थळांवर माझ्या नावाची पाटी असे : हे पान फक्त याच ब्राउझरमध्ये दिसेल. मला तो सन्मान वाटे. तो आजार होता, हे फार पुढे कळलं.

काकांची निम्मी केळीची वाडी तोवर बिल्डिंगांखाली गेली होती. वडिलांची केळींच्या जातींची वही वाळवीने खाल्ली होती. म्हणून काकांनी आठवून आठवून, दोन बोटांनी टाइप करत इंटरनेटवर एक मराठी पान केलं. राजेळी, भुरकेळी, तांबेळी; कोणती कशी लावायची, उन्हात वाळवून सुकेळी कशाची करायची. त्या पानाचा फॉन्ट मात्र फक्त मला वाचता येई.

यंदा, २००७ साली, पुतणी क्षितिजाने नवा ब्राउझर आणला. तो चपळ होता. माझ्यातून मात्र व्हायरस शिरायचे, नाकारून काय उपयोग?

“काका, जुना काढून टाकते,” ती म्हणाली. त्याआधी तिने नव्यात काकांचं पान उघडलं. इंग्रजी अक्षरं आणि टिंबांचा नुसता कचरा.

“हे काय आहे?”

“राजेळी,” काका म्हणाले. “म्हणजे, होती.”

“मग राहू दे का जुना?”

“किती दिवस? उद्या हा डबाच बंद पडला तर?” काका म्हणाले. “केळीचा लोंगर उतरला की आपण खोड तोडतोच ना? पण आधी बुंध्याशी नव्या रोपाचं पिल्लू लागलंय का ते बघतो. तसं कर.”

मग पडद्याच्या डाव्या अर्ध्यात मी, उजवीकडे तो नवा. काका माझ्यातून वाचायचे, क्षितिजा कुठेही दिसेल अशा युनिकोड अक्षरांत लिहायची. अकरा संध्याकाळी गेल्या.

“तांबेळी सालीने तांबडी, आतून नाही. नीट लिही.”

“बिल्डरला कळणारे का ते, काका?”

“बिल्डरसाठी लिहितोय कोण?”

आज काम संपलं. शेजारच्या सिप्रियनकडे तिसराच ब्राउझर आहे. काकांनी त्याला फोन करून पान उघडायला लावलं. त्याने भुरकेळीचा अख्खा परिच्छेद घडाघडा वाचून दाखवला आणि वर दोन चुका काढल्या. काकांनी त्या निमूट दुरुस्त करवल्या. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, “आता तोड.”

मित्रांनो, पुढे कोणता ब्राउझर जिंकेल मला ठाऊक नाही. जो जिंकेल, त्याच्या नावाची पाटी लावायला लोक धावतील. तुम्ही लावू नका. कुणालाही, कुठल्याही खिडकीतून वाचता येईल असं लिहा. आणि जुनं तोडताना आधी बुंध्याशी वाकून बघा.

क्षितिजा शेवटची ओळ पुन्हा एकदा माझ्याशी ताडून पाहते आहे. तेवढ्या वेळात हे सांगून घेतलं.