फाट्यावरून काढलेली पाटी

मित्रांनो, मी अडीच हात लांब आणि हातभर रुंद अशी एक जुनी लाकडी पाटी आहे. शाळेतली नव्हे, डोंगराच्या वाटेवर उभी करतात ती. माझ्या दोन्ही बाजूंना अक्षरे आहेत आणि ती एकाच घरातल्या दोन माणसांनी काढलेली आहेत. पुढच्या बाजूच्या अक्षरांमुळे कितीतरी माणसे सुखरूप घरी परतली. मागच्या बाजूच्या अक्षरांमुळे काय झाले, ते सांगायला मला अजूनही जड जाते. पण सांगते.

डोंगराच्या कुशीतल्या एका लहान गावात एक वाटाड्या राहत होता. शहरातून डोंगर चढायला येणाऱ्या मंडळींना वर न्यायचे आणि धडधाकट खाली आणायचे, हा त्याचा धंदा. सगळे त्याला मामा म्हणत, त्यामुळे त्याची बायको आपोआप सगळ्यांची मामी झाली. गावाच्या वर अर्ध्या तासावर वाटेला फाटा फुटतो. डावी वाट अरुंद, खडबडीत. ती सुळक्याकडे चढते. उजवी वाट रुंद, सपाट आणि दिसायला गोड. पण ती पंधरा मिनिटांत एका कड्यावर जाऊन संपते. गवत इतके उंच, की कडा शेवटच्या पावलापर्यंत दिसत नाही.

एका वर्षी दोन कॉलेजकुमार त्या कड्याच्या तोंडाशी जाऊन कसेबसे मागे फिरले. पांढरेफटक चेहरे घेऊन ते मामाच्या ओसरीवर येऊन बसले. ते गेल्यावर मामाने लाकडाच्या कोठीचे जुने दार मोडले. त्यातली सर्वांत जाड फळी निवडून तिला रंधा मारला. ती फळी म्हणजे मी.

मामाचे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. म्हणून ब्रश मामीने हाती घेतला. तिने लिहिले, "डावीकडे सुळका. उजवीकडे जाऊ नका, पुढे कडा आहे." त्यातला 'कडा' हा शब्द तिने चांगला टपोरा काढला आणि तांबड्या रंगाने गिरवला.

"एवढा मोठा कशाला?" मामाने विचारले.

"घाईत असतात माणसं. एकच शब्द वाचणार असतील, तर हा वाचू दे."

एकोणीस वर्षे मी त्या फाट्यावर उभी होते. पाठीवर पिशव्या, पायांत जाड बूट, तोंडात गोळ्या घोळवत माणसे येत. माझ्यासमोर थांबत, पाणी पीत, वाचत आणि डावीकडे वळत. पांढऱ्या मिशांचे एक आजोबा दर वर्षी मला टोपी काढून नमस्कार करायचे. एकदा कुणी चाकूने माझ्यावर स्वतःचे आणि मैत्रिणीचे नाव कोरले. मामा दिवसभर चिडचिड करत होता. मग त्याने ती नावे रंगाऱ्याची लांबी भरून बुजवली आणि म्हणाला, "लग्न झालं असेल का या दोघांचं?" दर वर्षी मोसम सुरू होण्याआधी तो रंगाचा डबा घेऊन यायचा आणि मामीचे प्रत्येक अक्षर गिरवायचा. तिच्या वळणाबाहेर त्याचा ब्रश कधी गेला नाही.

पुढे डोंगर बघायला येणाऱ्या माणसांना डोंगरात घर हवेसे वाटू लागले. उतारावर जागा आखल्या गेल्या. काचेच्या मोठमोठ्या खिडक्यांची घरे उठली. सुट्टीत आठ दिवस त्यांत दिवे लागत, मग पुन्हा कुलुपे. गावातल्या बऱ्याच जणांनी घरे विकली आणि ते खाली उतरले. मामाने विकायचे नाही असे ठरवले होते. त्याचे घर तीन खोल्यांचे, पण स्वयंपाकघराच्या खिडकीत सबंध सुळका मावायचा.

मात्र मामीच्या छातीने दगा दिला. दोन हिवाळे ती उशीला टेकून बसूनच झोपली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, "इथली थंडी यांना आता झेपायची नाही. पुढचा हिवाळा लागायच्या आत खाली उतरा." खाली घर घ्यायचे, तर वरचे विकायलाच हवे होते.

एक एजंट आला. घर बघून म्हणाला, "मामा, जाहिरातीत घालू, खिडकीतून तलाव दिसतो."

"तलाव दिसत नाही."

"गच्चीवर स्टुलावर उभं राहिलं तर?"

"स्टुलावर उभं राहिलं तर माझी सासुरवाडीसुद्धा दिसेल," मामा म्हणाला आणि त्याने एजंटला फाटक दाखवले.

मामाने स्वतःच पत्र्याची पाटी रंगवून फाटकावर लावली. दुसऱ्याच दिवशी वाऱ्याने ती उचलून दरीत नेली. मग एका जोडप्याचा फोन आला. शनिवारी घर बघायला येतो, रस्त्यावरून पाटी दिसेल ना, असे ते विचारत होते. सुतार म्हणाला, आठ दिवस लागतील. तो दिवस गुरुवार होता.

त्या दुपारी मामा माझ्याकडे आला. त्याच्या हातात रंगाचा डबा नव्हता, पाना होता. त्याने माझे बोल्ट सैल केले आणि म्हणाला, "दोनच दिवस. रविवारी परत." उजव्या वाटेच्या तोंडाशी एक खडक होता. त्यावर त्याने चुन्याने मोठी फुली मारली. निघाल्यावर तो एकदा मागे वळला, फुलीकडे बघितले आणि मला खांद्यावर टाकून उतरू लागला.

मामीला विचारले असते तर तिने करू दिले नसते, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणूनच त्याने विचारले नाही. ती औषध घेऊन झोपली असताना त्याने माझ्या पाठीवर आपल्या अक्षरात लिहिले, "घर विकणे आहे". मग मला फाटकाशेजारच्या भिंतीवर घट्ट बसवले. मामीची अक्षरे भिंतीकडे, मामाची रस्त्याकडे.

संध्याकाळी ती बाहेर आली. "फळी कुठून आणलीत?"

"पडली होती मागे."

मित्रांनो, मी त्यांना एकोणीस वर्षे ओळखत होते. तो तिच्याशी खोटे बोललेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. शुक्रवारी दिवसभर पाऊस पडला आणि मला त्या चुन्याच्या फुलीखेरीज काही सुचेना.

शनिवारी सकाळी ते जोडपे आले. साहेब उंच, किडकिडीत आणि मोजण्याचे भारी शौकीन. त्यांनी खिशातून टेप काढली आणि दारे, खिडक्या, ओटा, सगळे मापायला घेतले. त्यांच्या पत्नी शाळेत भूगोल शिकवून नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी काहीच मापले नाही. त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या आणि बराच वेळ तिथेच उभ्या राहिल्या.

"तीस वर्षं फळ्यावर डोंगर काढले, वहिनी," बाई मामीला म्हणाल्या. "चढले एकही नाही."

"मग आता इथे राहायला आलात की रोज चढा."

"रोज कशाला, आजच जाऊन येते थोडी. यांचं मोजून व्हायला दुपार होईल."

त्या वेळी मामा साहेबांना घेऊन घरामागे पाण्याची टाकी दाखवत होता. मामी बाईंना सोडायला फाटकापर्यंत आली. तिने हात वर करून वाट दाखवली. "सरळ जा. अर्ध्या तासावर फाटा लागेल. घाबरू नका, तिथे मोठी पाटी आहे. ती वाचा आणि वळा."

मी त्या दोघींपासून चार पावलांवर होते. ज्या अक्षरांच्या भरवशावर मामी बोलत होती, ती माझ्या अंगावर होती आणि भिंतीच्या चुन्याकडे तोंड करून होती. बाईंनी जाता जाता मला वाचले आणि हसल्या. "घर छान आहे वहिनी, अक्षर मात्र भयंकर आहे हो!" मामीला इतके हसू आले की तिला खोकल्याची उबळ आली. ती थांबेपर्यंत बाई वळणाआड गेल्या होत्या.

बारा वाजून गेल्यावर साहेबांनी टेप गुंडाळली. "आमच्या बाई कुठायत?"

"सुळक्याकडे गेल्यात," मामी म्हणाली. "यायला हव्या होत्या एव्हाना. पण वाट चुकायच्या नाहीत. म्हटलं त्यांना, फाट्यावर पाटी आहे."

मामा हातावर पाणी घेत होता. नळ तसाच वाहत राहिला. त्याने माझ्याकडे पाहिले. मग खुंटीवरचा दोर ओढला, शेजारच्या दोघांना हाका मारल्या आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी असा धावत सुटला की साहेब फाटकातच उभे राहिले.

बाई सापडल्या. कड्याखाली तीन माणसांच्या उंचीइतक्या खोलीवर एक खडकाची कपार आहे, तिथे अडकल्या होत्या. मामा दोर बांधून स्वतः खाली उतरला. त्यांना झोळीत बांधून वर काढायला चार तास लागले. त्या शुद्धीवर होत्या आणि मामाचीच माफी मागत होत्या. "मीच वेंधळी. दोनदा बघितलं हो, पाटी काही दिसली नाही." हे शेजाऱ्यांनी मामीला सांगितले, तेव्हा मी ऐकले. त्यांच्या कमरेचे हाड मोडले होते आणि पाठीच्या मणक्यालाही मार बसला होता.

दुसऱ्या दिवशी साहेब आपली गाडी न्यायला आले. रात्रीत दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. ते फाटकाशी थांबले.

"मामा, एकच विचारतो. वहिनी म्हणाल्या होत्या पाटी आहे. आमच्या बाई म्हणतात, नव्हती. नक्की काय?"

मामाला म्हणता आले असते, वाऱ्याने पडली असेल. कुणी तपासायला गेले नसते. त्याने खिशातून पाना काढला, माझे बोल्ट सोडवले आणि मला उलटी करून साहेबांपुढे धरली.

"होती. मी काढली. ही तीच."

साहेबांनी मला वाचले. एकदा वाचले, मग बोट फिरवत पुन्हा वाचले. त्याच वेळी मामी त्यांची विसरलेली टेप घेऊन दारातून येत होती. ती मध्येच थांबली.

"माझं अक्षर," ती म्हणाली. एवढेच.

साहेबांनी तिच्या हातातून टेप घेतली. ते काहीतरी बोलतील, निदान ओरडतील, म्हणून मामा मान खाली घालून उभा होता.  साहेब गाडीत बसले आणि गेले.

त्याच दिवशी मामाने स्वयंपाकघरातल्या टेबलाची फळी काढून नवी पाटी केली. मामीने अक्षरे काढली. मामाने शेजारी बसून फळी धरली. नवी पाटी फाट्यावर गेली. मला त्याने कोठीत, भिंतीकडे तोंड करून उभी केली. बाई पुढे वॉकर धरून उभ्या राहू लागल्या, असे साहेबांनी एकदा फोनवर कळवले. चालण्याबद्दल काही सांगितले नाही आणि मामालाही विचारायचा धीर झाला नाही.

झालेली गोष्ट पंचक्रोशीत पसरली. ते घर बघायला त्या वर्षी दुसरे कुणी आले नाही. हिवाळा लागला, आणि मामी वरच राहिली. कोठीच्या फटीतून मला तिचा खोकला ऐकू यायचा. ती मामाशी बोलायची. औषधाचे, सरपणाचे, उन्हात खुर्ची सरकवण्याचे बोलायची. त्या शनिवारचे कधीच बोलली नाही. एका सकाळी, खूप दमलेल्या आवाजात, तिने त्याला सांगितले, "मोसम येईल आता. रंग भरायला विसरू नका." त्यानंतर सहा दिवसांनी ती गेली.

मामाने घर त्याच एजंटकरवी विकले. जाहिरातीत तलाव दिसतो असे लिहिले होते, तरी या वेळी त्याने एजंटला फाटक दाखवले नाही. खालच्या गावात त्याने एक खोली घेतली.

घेणाऱ्यांनी घराच्या खोल्या करून पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. कोठी पाडताना मी त्यांना सापडले. त्यांना मी फार आवडले. मला पुसून, चकाकी लावून त्यांनी दिवाणखान्यात सोफ्याच्या वर टांगले आहे. मला वाचणाऱ्याच्या उजव्या हाताला न्हाणीघर आहे. पाहुणे 'उजवीकडे जाऊ नका' हे वाचतात, न्हाणीघराकडे बोट दाखवतात आणि हसत हसत फोटो काढतात. मला सर्वांत जास्त वाहवा मिळाली ती इथे, मित्रांनो.

पहिली तीन वर्षे मोसमाच्या आधी मामा बसने वर यायचा. डबा आणि ब्रश घेऊन या घरासमोरून जायचा. आत कधी बघायचा नाही. गेली दोन वर्षे तो आलेला नाही. तो आजारी आहे की उरलाच नाही, हे सांगणारे इथे कुणी नाही. परवा एक पाहुणा डोंगरावरून परतला आणि बूट काढता काढता बायकोला म्हणाला, "वर फाट्यावर एक पाटी आहे, पण काय लिहिलंय ते काही लागत नाही. आम्ही आपले अंदाजाने गेलो."

मी इथे स्वच्छ आहे. माझे प्रत्येक अक्षर दहा पावलांवरून वाचता येते. पण सोफ्यावर बसलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

मित्रांनो, तुम्ही डोंगरात जाल, तेव्हा वाटेवरच्या पाटीवर नाव कोरू नका. ती उचलून घरी नेऊ नका. काही कारणाने काढावीच लागली, तर आधी दुसरी लावा आणि मगच पहिलीला हात घाला. आणि एखाद्या फाट्यावर अक्षरे पुसलेली पाटी दिसली, तर तसेच पुढे जाऊ नका. खाली येऊन कुणाला तरी सांगा. कुणीच ऐकले नाही, तर दुसऱ्या दिवशी स्वतः रंगाचा डबा घेऊन वर जा. तुमचे अक्षर कसेही असले तरी चालेल. तुमच्या मागून येणारे माणूस कोण आहे, ते तुम्हाला माहीत नसते.