कोळशाची खोली

तळघराच्या पायऱ्या उतरताना रोमन डुडझियाकचं कपाळ खाली लोंबणाऱ्या पाइपावर आपटलं. हातातली टोपली कलंडली आणि बायकोचे तीन गाऊन ओल्या फरशीवर जाऊन पडले. कपाळ धरून तो शेवटच्या पायरीवरच बसला. बफेलो शहरातल्या या घरात येऊन त्यांना चव्वेचाळीस वर्षं झाली होती. तळघरात तो घर तापवायची भट्टी बघायला यायचा, थंडीच्या आधी बाहेरचे नळ बंद करायला यायचा. कपडे धुवायला मात्र आज पहिल्यांदाच आला होता.

लुसिलला तीन आठवड्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली होती. आता ती शहराच्या दुसऱ्या टोकाला एका केंद्रात पुन्हा चालायला शिकत होती, आणि तिचे कपडे धुऊन नेण्याचं काम रोमनकडे आलं होतं.

दोरी ओढून त्याने दिवा लावला. मशीन आणि ड्रायर समोरासमोर इतके चिकटून होते, की ड्रायरचं दार निम्मंच उघडत होतं. मध्ये आडवं होऊन उभं राहावं लागत होतं. बर्फ वितळायला लागल्यामुळे भिंत पाझरत होती. घड्या घालायला टेबल नव्हतंच. रंगाच्या दोन डब्यांवर एक फळी टाकलेली होती. ‘खाली एखादं टेबल करून दे,’ असं लुसिल अधूनमधून म्हणायची, आणि तो म्हणायचा, पुढच्या वर्षी बघू. एकतीस वर्षं शहराची बस चालवलेला माणूस. मागून आलेली हाक ऐकूनही पुढे बघत राहायची सवय झाली होती.

संध्याकाळी मुलीचा, पॉलाचा, फोन आला.

“बाबा, आता तरी घर विका. आईला त्या पायऱ्या जमणार आहेत का?”

“दोन्ही बाजूंना कठडे असले तर जमतील, असं केंद्रातली बाई म्हणाली.”

“आणि खाली जाऊन करणार काय? त्या बिळात?”

“बीळ राहणार नाही ते,” रोमन म्हणाला आणि फोन ठेवला.

एका ठेकेदाराने येऊन नऊ हजार डॉलरचा आकडा सांगितला. रोमनने त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं. छपराच्या पन्हळीसाठी बाजूला ठेवलेले बाराशे डॉलर होते, तेवढेच. मग त्याने लुसिलच्या भावाला बोलावलं. युजीन जन्मभर सुतारकाम केलेला, आता गुडघ्यांनी घरी बसवलेला. तो पायऱ्यांवर उभा राहून सगळं बघत राहिला.

“चव्वेचाळीस वर्षांनी तळघराचा शोध लागला तुला,” तो म्हणाला. “कोलंबससुद्धा तुझ्यापेक्षा लवकर पोचला.”

“टोमणे मारायला बोलावलं नाही तुला.”

“टोमणे फुकट आहेत. कामाचे मात्र दुपारचं जेवण आणि बिअर.”

दोघे कामाला लागले. तारेच्या ब्रशाने भिंती खरवडल्या, भेगांत सिमेंट भरलं, ओल अडवणारा पांढरा रंग दोनदा दिला. जुन्या घरांचं सामान विकणाऱ्या दुकानातून कुणाच्या तरी स्वयंपाकघराचा ओटा साठ डॉलरला मिळाला. त्यावर कुणीतरी सुरीने कांदे चिरल्याच्या खुणा होत्या. पाइप हलवायला प्लंबर फार पैसे मागत होता, म्हणून त्याला मऊ रबर गुंडाळून लाल पट्टी चिकटवली. दोन्ही बाजूंना कठडे बसवले. युजीनने त्यांना लोंबकळून बघितलं आणि म्हणाला, “माझा भार पेलला, म्हणजे माझ्या बहिणीचा पेलेल.”

पण जागा पुरेना. कोपऱ्यात काळ्या फळ्यांची एक भिंत होती. घर कोळशावर तापायचं त्या काळातली ती कोळशाची खोली.

“आत काय आहे?” युजीनने विचारलं.

“कोळसा बंद झाल्यापासून काही नाही.”

अर्ध्या दिवसात फळ्या निघाल्या. आत दुधाच्या बाटल्यांचा एक क्रेट उपडा ठेवलेला होता, त्यावर बसून बसून चपटी झालेली उशी, आणि बाजूला कॉफीचा रिकामा डबा. रोमनने सगळं फळ्यांबरोबर कचऱ्याच्या गाडीत घातलं. जागा दुप्पट झाली. मशीन एका भिंतीला गेलं, ड्रायर त्याच्या शेजारी, त्यांच्या समोर ओटा, आणि वर दोन लांब दिवे. युजीन म्हणाला, इथे आता नाचता येईल.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात लुसिल घरी आली. जीभ जरा जड झाली होती, पण डोकं शाबूत होतं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “मला खाली ने.”

तो तिच्यापुढे एक पायरी उलटा उतरत गेला. ती कठडा धरून आधी अधू पाय खाली टाकायची, मग दुसरा. अकरा पायऱ्यांना बराच वेळ लागला. खाली आल्यावर त्याने दिवे लावले आणि तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

ती भिंती बघत होती, ओटा बघत होती. मग तिने विचारलं, “फळ्या कुठे आहेत?”

“काढून टाकल्या. बघ ना, जागा किती झाली.”

“आणि क्रेट?”

“कसला क्रेट?” तो म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला आठवला. “तो होय. टाकला. मोडकाच होता.”

लुसिल पायरीवर बसली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती म्हणाली, “जेरोम गेल्यावर मी तिथे बसायचे.”

जेरोम त्यांचा मोठा मुलगा. तीस वर्षांपूर्वी, विसाव्या वर्षी, गोठलेल्या सरोवरावरचा बर्फ फुटून बुडाला होता. त्याचं नाव घरात सहसा निघत नसे.

“तू पहाटेची पाळी करून झोपलेला असायचास. पॉला शाळेत. मशीन चालू करायचे आणि फळ्यांमागे जाऊन बसायचे. वर ऐकू जायला नको.”

“रोज एवढे कपडे असायचे?”

“नसले तर धुतलेलेच परत टाकायचे.”

रोमन ओट्याला टेकला. त्याला वर पलंगावर पडून ऐकलेला आवाज आठवला. मशीनच्या घरघरीत मिसळलेला, बारीक, ताणलेला.

“मला वाटायचं, मशीनचा पट्टा घासतोय,” तो म्हणाला.

“माहीत आहे. बदललास ना तू तो.”

“दोनदा बदलला.”

“दुसऱ्यांदा तू मशीनला कान लावून उभा होतास. मी आतच होते, श्वास धरून. तू दुकानदाराला शिव्या देत वर गेलास.” तिच्या ओठांची चांगली बाजू जराशी वर गेली. “तेव्हा मला हसू आलं. तो गेल्यानंतर पहिल्यांदा.”

रोमनने समोरच्या मशीनच्या झाकणावर हात ठेवला.

“मला सांगायचंस.”

“तू विचारायचंस.”

“आठव्या दिवशी मी बस घेऊन बाहेर पडलो,” तो म्हणाला. “सगळे म्हणायचे, रोमन खंबीर आहे.”

“मीही तेच म्हणायचे. आणि मग खाली यायचे.”

बाहेर कुणाची तरी गाडी चालू झाली आणि निघून गेली. रोमनने नाक पुसलं.

“मी फळ्या परत बसवून देतो. युजीनला उद्या बोलावतो. होती तश्शी खोली करून देतो.”

“काळोखात बसायची हौस होती का मला?” लुसिल म्हणाली. “दुसरी जागा नव्हती, म्हणून बसायचे.” मग तिने हात पुढे केला. “उठव मला. ड्रायरमध्ये काय आहे?”

“चादरी.”

“काढ.”

त्याने एक चादर काढून कवेत गोळा केली. “तशी नाही,” ती म्हणाली. “दोन टोकं तू धर, दोन मला दे.” तिने ओट्याला पाठ लावली. एक टोक उजव्या हातात घेतलं, दुसरं त्याने तिच्या डाव्या हातात ठेवलं. तो चादर ताणत समोरच्या भिंतीपर्यंत गेला आणि टोकं जुळवत परत आला. कडा वाकड्या आल्या.

“पुन्हा,” ती म्हणाली.

तो पुन्हा मागे गेला. मध्येच तिच्या डाव्या हातातलं टोक सुटून खाली पडलं. त्याने येऊन ते उचललं, तिच्या तळहातावर ठेवलं, आणि तिची बोटं एकेक करून मिटेपर्यंत तिथेच उभा राहिला.