दांड्याने धरलेला डूख

मित्रांनो, मी चहाच्या भांड्याचा एक जुना, मोडका दांडा आहे. माझी कीव करू नका. मी मोडलो तो ठरवून मोडलो.

माझं अंग बेकेलाइटचं. कारखान्यात फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड एकत्र तापवून त्यांची राळ केली, तिची पूड करून तीत लाकडाचा भुसा नि काळा रंग मिसळला आणि ती गरम पोलादी साच्यात दाबली. साच्यावरच्या मावशी माझ्या कडा घासता घासता शेजारणीला म्हणाल्या, "बादलीचं प्लॅस्टिक तापवलं की पुन्हा मऊ होतं. हा पठ्ठ्या एकदा घट्ट झाला की झाला. जळेल, पण वितळायचा नाही." माझा स्वभाव तिथेच ठरला.

भांडं अॅल्युमिनियमचं. ते चटकन तापे, पण ती धग मी हातापर्यंत पोहोचू देत नसे. घरातली दहा वर्षांची चिमी माझ्याच भरवशावर चहा करायला शिकली. आई कामावरून दमून आली की चिमी कप पुढे करी. पहिल्या घोटाला आई डोळे मिटून म्हणे, "जिवात जीव आला गं!" ते ऐकायला मी दिवसभर थांबत असे.

एका रविवारी बाबांना स्वयंपाकघरात घड्याळ टांगायचं होतं. हातोडी माळ्यावर, आणि माळ्यावर चढायचा त्यांना कंटाळा. त्यांनी घड्याळ ओट्यावर पालथं ठेवलं, भांडं उलटं धरलं आणि चक्क माझ्या टोकाने खिळा ठोकला! आम्ही बेकेलाइटवाले उष्णतेला भीत नाही, पण घाव आम्हाला सोसत नाही. माझा एक टवका उडून घड्याळाच्या पाठीतल्या खोबणीत पडला. एक चीर थेट मला भांड्याशी जोडणाऱ्या स्क्रूपर्यंत गेली.

संध्याकाळी आईने विचारलं, "हे कोणी केलं?"

"चिमीने आपटलं असेल," बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणाले.

"मी नाही गं, आई!"

"वर खोटं बोलतेस? आजपासून गॅसपाशी फिरकायचं नाही," आई कडाडली.

तेव्हापासून आई दमलेल्या अंगाने स्वतःच चहा टाकी आणि उभ्याउभ्याच पिई. चिमी दाराआडून बघत राही. माझा नुसता संताप होई. मी डूख धरला. आई भांडं उचले तेव्हा मी सगळा जीव एकवटून टिकून राही. मला फक्त एकच हात हवा होता.

महिन्याभराने तो हात आला. बाबांचे साहेब स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. बाबा ऐटीत म्हणाले, "आज चहा मी देतो." त्यांनी भांडं उचललं. मी सोडून दिलं.

कडाक! उकळता चहा बाबांच्या पायांवर. "मेलो!" म्हणत ते मागे उडाले, ते थेट घड्याळावर. माझ्याकडून ठोकून घेतलेला तो खिळा नीट बसलाच नव्हता. घड्याळ खाली पडलं, आणि माझा टवका आईच्या पायाशी आला.

आईने तो उचलून माझ्या टोकाला लावला. चपखल बसला.

"हा घड्याळात कसा गेला?"

बाबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. साहेबांसमोरच ते पुटपुटले, "खिळा मीच ठोकला होता याने. चिमे, चुकलो गं."

आईने चिमीला जवळ ओढलं. "मीही ऐकलं नाही तुझं. नव्या भांड्यातला पहिला चहा तूच टाकायचा."

भंगारवाल्याने भांडं नेलं, मला मात्र परत दिलं. "हे वितळत नाही, घेऊन काय करू?" चिमीने मला दोरा बांधला. बाबांनी माळ्यावरून हातोडी काढून तोच खिळा पक्का ठोकला आणि तिने मला तिथे टांगलं. रोज चहा पिताना बाबांची नजर माझ्यावर पडते आणि लगेच कपात जाते.

मित्रांनो, ज्या वस्तूचं जे काम, तेच तिला द्या. आणि आपली चूक दुसऱ्याच्या माथी मारू नका. चिमीने बाबांना त्याच दिवशी माफ केलं. ती माणूस आहे, मऊ होते.

मी बेकेलाइट आहे.