नाव हेच कुलूप

सकाळचे ऊन तळघरातल्या त्या खोलीत सरळ शिरत नसे. आधी ते झरोक्याबाहेर घुटमळे, मग बुजऱ्या पाहुण्यासारखे आत येऊन भिंतीला टेकत टेकत खाली उतरे, संगणकावरची धूळ सोनेरी करी आणि टेबलाच्या मध्यावरच थांबे. टेबलापलीकडे बसणाऱ्या तरुणाला सारे इस्पितळ चावीवाला म्हणे. इथे संगणकावरून कुणालाही गुप्त निरोप पाठवायला, ज्याला पाठवायचा त्याचे नुसते नाव पुरत असे; निरोप त्या नावानेच बंद होई. नाव हेच कुलूप. ते उघडून निरोप वाचायची चावी मात्र ज्याची त्याने स्वतः येऊन चावीवाल्याकडून करून घ्यायची.

मेट्रनबाई जुनी चावी बदलायला आल्या होत्या.

"काय रे, तू म्हणे कुणाचीही चावी बनवू शकतोस?"

"हो, बाई."

"म्हणजे माझे निरोपही वाचू शकतोस?"

"शकतो. वाचत नाही."

"का?"

"बरं दिसत नाही ते."

मेट्रनबाईंनी खुर्ची ओढली. "म्हणजे एवढ्या मोठ्या इस्पितळाची गुपितं तुझ्या भिडस्तपणावर उभी आहेत तर. लग्न नको करूस बाबा. तुझी भीड चेपली की आम्ही मेलो. माझे वाचलेस तर तुझंच डोकं उठेल म्हणा, सगळे सुनेबद्दल आहेत."

तो खाली मान घालून हसला. एक्स-रे विभागातल्या मुलीला तो वर्षभर निरोप धाडत होता: उन्हाबद्दल, एकटेपणाबद्दल, क्वचित धीर करून तिच्याबद्दल. उत्तर कधी आले नव्हते. पण जिन्यात ती हसे, आणि तो त्या हसण्याचे परिश्रमपूर्वक वाचन करी: परवाच्या निरोपाला होकार, कालच्याला जरा राखून.

इतक्यात तीच दारात आली.

"अगं, आज शेवटचा दिवस ना?" मेट्रनबाई म्हणाल्या. "नवी नोकरी लागली म्हणे."

"हो ना. सगळं उरकलं, एवढंच राहिलं. चावी रद्द करून या म्हणालेत."

चावीवाल्याने कळफलकाकडे पाहत विचारले, "तुमचे निरोप... वाचून झाले सगळे?"

"मला कोण निरोप पाठवतंय? काम असलं की लोक दारातूनच हाका मारतात. चावी घ्यायला मी कधी आलेच नाही."

"मग हा रद्द काय करणार? कपाळ?" मेट्रनबाई म्हणाल्या.

ती मेट्रनबाईंकडे पाहून हसली, अगदी जिन्यातल्यासारखीच.

इस्पितळातली एकूण एक चावी त्याच्याच हातून होत असे, आणि तिची चावी त्याने कधी बनवलीच नव्हती.