सवतीचा टाक

मनकर्णाला रायभानच्या घरी नांदायला येऊन तीन महिने झाले होते, आणि या तीन महिन्यांत बायनाने तिच्या हातचा एक घास घेतला नव्हता. बायना ही रायभानच्या पहिल्या बायकोची, केवळाची, पोर. वय पाच वर्षांचं. केवळा दुसऱ्या बाळंतपणात बाळासकट गेली, तेव्हापासून पोर बापाच्या हातून खायची, मेंढरांत रमायची आणि मनकर्णा जवळ आली की लांब पळायची. दुधात भाकरी कुस्करून पुढे ठेवली, तरी शिवायची नाही. मनकर्णा चुलीपुढे बसून रडायची आणि कुणी विचारलंच तर धुरावर खापर फोडायची.

दुसरेपणावर दिलेल्या बाईने पहिलीचा टाक, म्हणजे तिची आकृती उठवलेला चांदीचा पत्रा, गळ्यात घालायचा, हळदकुंकू आधी तिला लावायचं, मग स्वतःला, म्हणजे मेलेली रुसत नाही, असा रिवाज. लग्नाच्या घाईत तो राहून गेला होता. सासू दगडाबाईने एक दिवस निकालच देऊन टाकला, "तुजी सवतच पोरीला तुज्याकडं येऊ देईना. आदी टाक करून आना."

म्हणून मनकर्णा, रायभान आणि बायना अशी तिघं मानवतच्या बाजाराला आली. बन्सीधर सोनाराचं दुकान म्हणजे एक फळी, एक शेगडी आणि वर ताणलेलं पोतं. म्हातारा जिभेने तिखट, पण हाताने हलका. रायभानने केवळाच्याच पायातल्या वाळ्याचा तुकडा फळीवर ठेवला. बन्सीधरने चांदी ठोकून पातळ केली आणि पेटीतून एक ठसा काढला. ठशात पदर घेऊन हात जोडलेली एक बाई होती.

"सगळ्या तालुक्याच्या सवती ह्याच ठशातल्या," तो म्हणाला. "लगेच होतंय."

मनकर्णाने ठसा निरखला. "दादा, ही तर कुनीच न्हाई. मला तिच्यावानी पायजे."

"मंग हातानं कोरावं लागंल. कशी व्हती ती?"

मनकर्णाने तिला कधी पाहिलेलं नव्हतं. तिने नवऱ्याकडे बघितलं. शंभर मेंढरं तोंडावरून ओळखणारा गडी, पण आता तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. एका बायकोपुढे दुसरीचं रूप सांगायचं तरी कसं? तो म्हणाला, "चांगली व्हती."

"चांगली कोरता येत न्हाई, पाटील," बन्सीधर म्हणाला.

तेवढ्यात बापाच्या धोतराआडून आवाज आला. "मायच्या गालावर डाग व्हता. ह्या इथं. तेल उडल्याला."

बायना थोडी पुढे आली. "अन् पदर डोईवरून सारका पडायचा. अन् मला ह्या कडंवर घ्यायची." तिने डावी बाजू दाखवली. मग सोनाराकडे बघून म्हणाली, "मला बी काडा. मायच्या कडंवर."

बन्सीधरचा हात थांबला. मेलेल्या बाईच्या टाकात जितं लेकरू कोरायचं, म्हणजे ते तिच्या हवाली करायचं. "गप गं!" रायभान ओरडला. बोलताना भीतीने त्याचाच आवाज फाटला. पोरीचा ओठ थरथरला. आता हिने तोंड मिटलं की पुन्हा उघडणार नाही, हे मनकर्णाला स्वच्छ दिसलं.

"दादा," ती म्हणाली, "कड बाहेर काडल्याली दावा. हात बी वळवा, लेकरू धरल्यावानी. लेकराची जागा तेवडी मोकळी ठिवा." मग ती पोरीकडे वळली. "मायनं तुला खेळायला खाली सोडलंय बग. जागा तुजीच हाय."

पोर पळाली नाही.

"अशी सवत जल्मात कोरली न्हाई," बन्सीधर पुटपुटला आणि कामाला लागला. उन्हं कलली तेव्हा टाक तयार झाला. गालावर ठिपका, पदर घसरलेला, कड बाहेर आणि वळवलेला हात रिकामा. मनकर्णाने टाक दोऱ्यात ओवून गळ्यात बांधला.

आता तो बायनाला बघायचा होता, आणि टाक तर मनकर्णाच्या छातीवर. पोर चवड्यांवर उभी राहिली, तरी दिसेना. बापाकडे बघितलं, तर बाप चंचीतला चुना शोधण्यात फारच गढून गेलेला. शेवटी तिने दोन्ही हात वर केले.

मनकर्णाने तिला डाव्या कडेवर घेतलं. पोरीने टाक चिमटीत धरला आणि गालावरच्या ठिपक्यावर बोट फिरवत राहिली. ही माझ्याकडे आलेली नाही, आपल्या आईकडे आलीय, हे मनकर्णाला कळलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण ओझं तर तिच्याच कडेवर होतं, आणि ते तिला खाली ठेवायचं नव्हतं.

"माय, भूक लागली," पोर टाकाला म्हणाली.

रायभानने चमकून वर बघितलं.

"ओ," मनकर्णा म्हणाली, आणि मोकळ्या हाताने भाकरीचं गाठोडं सोडून तिने एक घास पुढे केला. टाकावरची नजर न काढता बायनाने तोंड उघडलं.