निळ्या वाटीतलं लिंबू

मी एक वजनकाटा बोलतोय. यात नवल काहीच नाही, कारण बोलणं हेच माझं काम आहे. माझ्या ताटावर काही ठेवलं की मी त्याचं नाव आणि वजन मोठ्याने सांगतो. "कांदा. एक किलो, वीस ग्रॅम." दिवसाकाठी अडीचशे वेळा तरी तोंड उघडावं लागतं. पण स्वतःविषयी बोलण्याची वेळ आजवर आली नव्हती. आज सकाळपासून गिऱ्हाईक कमी आहे, तेवढ्यात सांगून टाकतो.

माझा जन्म एका लांबलचक पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे एकापुढे एक सोळा बायका बसत. पहिलीने माझं ताट बसवलं, सहावीने डोळा, म्हणजे ताटावर रोखलेला कॅमेरा, आणि अकरावीने आवाज. सोळावीने माझ्यावर एक किलोचं पितळी वजन ठेवलं, मी बरोबर सांगितलं, आणि तिने कपाळावरचा घाम पुसून मला खोक्यात घातलं. शाबासकी नाही की काही नाही.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी. वजन मला जन्मतःच येतं. नाव मात्र शिकावं लागतं. एखादी वस्तू डोळ्यासमोर धरायची, पडद्यावर तिचं नाव दाबायचं, असं पन्नासेक वेळा करायचं, की मग मी ती आपोआप ओळखतो. यालाच लोक कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात.

माझी पहिली नोकरी एका प्रचंड मोठ्या, काचेच्या दुकानात होती. तिथे गिऱ्हाईक स्वतःच सामान घेई, स्वतःच माझ्यावर ठेवी आणि चिठ्ठी घेऊन निघून जाई. माणसं मला तिथे कळली. महागडी मशरूम ताटावर ठेवून, इकडेतिकडे बघत 'कांदा' दाबणारे सद्गृहस्थ मी पाहिले. मी "मशरूम" म्हणालो की ते असे दचकत, जणू बायकोनेच पकडलंय. चूक माझी असली तरी मलाच "सॉरी हं" म्हणणाऱ्या एक आजीबाई होत्या. एका चिमुरडीने पिशवीतून मांजराचं पिल्लू काढून ताटावर ठेवलं, तेव्हा मी "फ्लॉवर, सहाशे दहा ग्रॅम" असं सांगितलं होतं. वजन बरोबर होतं.

चार वर्षांत मी जुना झालो. दुकानाच्या छतालाच शेकडो डोळे बसवले. गिऱ्हाईक वस्तू उचलून सरळ दाराबाहेर जाई आणि छत मनातल्या मनात सगळं टिपून घेई. मग आमच्यासारख्यांना कोण विचारतो! एका माणसाने आमच्या आठवणी पुसल्या आणि आम्हाला एका गोदामात नेऊन रचलं. भाज्या-फळांची नावं सगळी गेली. माणसांच्या सवयी तेवढ्या राहिल्या. त्या मी कुठे ठेवतो हे त्याला ठाऊक नसावं.

गोदामात सात महिने काढले. मग माझा फोटो काढून तो इंटरनेटवर लावला. खाली लिहिलं, 'वापरलेला, चालू स्थितीत'. माझ्या शेजारच्याला कुणीतरी विकत घेऊन आठ दिवसांत परत पाठवलं. कारण लिहिलं होतं, 'फार बोलतो'. ते वाचून मी मनातून हादरलो होतो.

मला मात्र ज्या मुलीने घेतलं, तिने बोलण्यासाठीच घेतलं.

दुकान छोटं होतं. पुढे काउंटर, मागे खोली. मागच्या खोलीत हीच मुलगी, म्हणजे भाची, फोनवर आलेल्या ऑर्डरी पिशव्यांत भरी आणि पोचवायला देई. पुढे तिची आत्या उंच स्टुलावर बसून वजनं करी. गल्लीतले सगळेच तिला आत्या म्हणत, तिच्याहून मोठेसुद्धा. दुकान आत्याचं आणि तिच्या धाकट्या भावाचं. भाची म्हणजे या भावाची मुलगी.

मी खोक्यातून बाहेर आलो तेव्हा बहीण-भावाचं चांगलंच जुंपलं होतं.

"ताई, तीन ऑर्डरींची वजनं चुकली. तिघांनीही ॲपवर पाचपैकी एकेकच तारा ठोकलाय आपल्याला. आता लोक दुकानात यायच्या आधी तारे बघतात."

"तारे रात्री बघावेत माणसाने."

"चेष्टा नको. तुला आकडे दिसत नाहीत, हे तू कबूल कर. हा काउंटर काढून टाकू. इथे रॅक लावू, समोरचं दार बंद. गिऱ्हाईक फोनमधूनच येतंय, येऊ दे. तू आराम कर घरी."

"घरी बसून मी काय करू? भिंतींना भाव सांगू?"

भाची मध्ये पडली. "बाबा, एक महिना द्या. हा काटा वजन बोलून दाखवतो. आत्याला आकडे वाचायलाच नकोत."

भावाने माझ्याकडे पाहिलं. लग्नाला न बोलावता आलेल्या पाहुण्याकडे बघावं तसं. "बरं. एक महिना," तो म्हणाला. "त्यानंतर मी स्वतः परीक्षा घेणार."

माझं शिक्षण सुरू झालं. आत्याची पद्धत ठरलेली होती. लिंबं नेहमी निळ्या वाटीत. लसूण पांढऱ्या बशीत. सफरचंदं लाल टोपलीत, कांदे तपकिरी ट्रेमध्ये. बटाटे तेवढे सरळ ताटावर, कारण ते मावतील असं भांडं तिच्याकडे नव्हतं. ती वाटी ठेवी, भाची पडद्यावर नाव दाबी, वाटीचं वजन वजा करून ठेवी. दहाव्या दिवशी मी सगळी नावं अचूक सांगू लागलो. शेवटच्या आठवड्यात भाचीने वहीत लिहिलं, 'एकही चूक नाही'. खरं सांगतो, मला थोडी घमेंड आली.

परीक्षेच्या दिवशी भाऊ सकाळीच आला. शेजारच्या शिंपीणबाई सफरचंदं घ्यायला आल्या होत्या, त्याही मजा बघायला थांबल्या. भावाने मागच्या क्रेटमधून पाच लिंबं उचलली आणि सरळ माझ्या ताटावर ठेवली.

मी ठणकावून सांगितलं, "बटाटा. दोनशे तीस ग्रॅम."

भावाने लिंबं काढून सफरचंद ठेवलं. "बटाटा," मी म्हणालो. लसणाचा गड्डा ठेवला. "बटाटा." शिंपीणबाईंनी तोंडाला पदर लावला.

भावाच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली. त्याने निळी वाटी ओढली, खिशातून चष्म्याची डबी काढली, वाटीत टाकली आणि वाटी माझ्यावर ठेवली.

"लिंबू. साठ ग्रॅम."

"चष्म्याचं लिंबू!" भाऊ टाळी वाजवून हसला. "ताई, पिळून बघ जरा, रस निघतो का!"

शिंपीणबाई काउंटरला धरून हसत होत्या. भाचीसुद्धा हसली, मग तिने ओठ चावला. कारण आत्या हसत नव्हती. ती स्टुलावरून खाली उतरली आणि पाठीमागे हात नेऊन एप्रनची गाठ सोडू लागली.

तेव्हा मला माझी चूक कळली. महिनाभर मी लिंबू ओळखतच नव्हतो. मी निळी वाटी ओळखत होतो. वाटी नसेल तो बटाटा, एवढंच माझं सारं ज्ञान.

भाची वाट्यांकडे बघत राहिली. "आत्या, तू सगळं असं वेगवेगळ्या रंगांच्या भांड्यांत का ठेवतेस गं? पूर्वी तर नव्हतीस ठेवत."

आत्याचा हात गाठीवरच थांबला. "दिसत नाही म्हणून," ती म्हणाली. "निळा गोळा म्हणजे लिंबू, लाल गोळा म्हणजे सफरचंद. आठ महिने झाले."

आता कुणीच हसत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस?" भाऊ म्हणाला.

"सांगितलं असतं तर हा काउंटर तू आठ महिने आधी काढला असतास."

भावाने उगाच वाटीतली डबी उचलली, पुन्हा ठेवली. मी पुन्हा म्हणालो, "लिंबू. साठ ग्रॅम." माझा अगदी नाइलाज होता.

"बाबा," भाची म्हणाली, "नाव चुकलं. वजन चुकलं का?"

भाऊ मागच्या खोलीत गेला, तिथला जुना काटा घेऊन आला. पाच लिंबं त्यावर ठेवली. दोनशे तीस. सफरचंद, लसूण, डबी, सगळं ठेवून पाहिलं. एका ग्रॅमचा फरक नाही. माझी मान जरा वर झाली, मान असती तर.

मग भाची म्हणाली, "आत्या, डोळे मीट आणि हात पुढे कर." तिने बापाला खुणावलं.

भावाने तिच्या तळहातावर सफरचंद ठेवलं. आत्याने ते एकदा फिरवलं. "सफरचंद. परवाचं आहे. देठापाशी मार लागलाय. हे गिऱ्हाइकाला देऊ नकोस, तूच खा."

त्याने लसूण दिला. "लसूण. जुना. आतून कोंब फुटलाय."

मोठा तुकडा आल्याचा, दोन काकड्या, एक कच्चा टोमॅटो. एकही चुकलं नाही. शेवटी त्याने हळूच चष्म्याची डबी तिच्या हातात सरकवली.

"ही तुझी डबी," आत्या म्हणाली. तिने ती कानाशी हलवली. "रिकामी आहे. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत असशील."

भावाने डोक्याला हात लावला. चष्मा तिथेच होता. या वेळी सगळ्यात मोठ्याने आत्या हसली.

भावाने चष्मा काढून पुसला. मग म्हणाला, "नाव तू सांगतेस. वजन हा सांगतो. मग अडलंय कुठे?" आणि चष्मा डोळ्यांवर चढवत, "गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. नाही म्हणायचं नाही."

आत्याने एप्रनची गाठ पुन्हा बांधली आणि स्टुलावर चढून बसली. "शिंपीणबाई, तुम्हाला किती सफरचंदं हवीत? का नुसत्याच हसायला आलात?"

डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची. आत्या थेंब वेळच्या वेळी घालते. भाची फोनचा गजर वाजवून आठवण करून देते, आत्या तिला "हो गं बाई" म्हणते.

माझी शाळा पुन्हा पहिलीपासून भरली. या वेळी वाट्या बाजूला ठेवल्या. आत्या एकेक वस्तू हातात घेऊन माझ्या डोळ्यासमोर फिरवी. "हे लिंबू. हे पण लिंबूच, हिरवट आहे. हे सुकलेलं. हे पानासकट. बघ नीट, घाई करू नकोस." चार दिवस असं चाललं. इतक्या सबुरीने मला आधी कुणीच शिकवलं नव्हतं.

भाचीने माझ्यात आणखी एक बदल केला. खात्री नसेल तर दडपून काहीतरी सांगायचं नाही, विचारायचं. आता मी अडलो की म्हणतो, "हे काय आहे?" आत्या हात लावते, सांगते, आणि मी लक्षात ठेवतो. नाशपाती आणि हिरवं सफरचंद यांत मी अजून गडबडतो. दिवसातून दोन-तीनदा विचारावं लागतं. आत्या वैतागत नाही, उलट तिला ते आवडतं असं मला वाटतं.

समोरचं दार उघडंच आहे. रॅक मागच्या भिंतीला लागले. फोनवरच्या ऑर्डरींत हल्ली एक नवीन सूचना येते, 'फळं आत्यांनी निवडलेली पाठवा'. भावाला तारे मिळाले आहेत, तो ते रोज मोजतो.

माझं वय झालंय. ताटावर ओरखडे पडलेत, आवाजही थोडा बसलाय. आज ना उद्या माझ्या जागी दुसरा कुणी हुशार येईल, त्याबद्दल तक्रार नाही. माझी एकच विनंती आहे, तीही गिऱ्हाइकांना. काउंटरवर येऊन फोनमध्ये मान घालून मुकाट्याने उभे राहू नका. आत्याला तुम्ही एक मोठा धूसर ठिपका दिसता. आवाज आला की ती तुम्हाला नावानिशी ओळखते, तुमच्या मुलीचा खोकला बरा झाला का तेही विचारते. माणसं ओळखायला मला कुणी शिकवलेलं नाही, ते तिचं काम आहे.

तेव्हा आधी तुम्ही बोला. मग ती बोलेल. मग मी.