दात मोडलेला लाकडी मासा

मी एक जुना लाकडी मासा आहे. लांबी वीतभरही नाही, पोटाखाली दोन गळ, पाठीवरचा हिरवा रंग बराच उडालेला. पण मला शोभेची वस्तू समजू नका, मित्रांनो. नदीतल्या खऱ्या माशांना भुलवणं हे माझं काम, आणि ते मला उत्तम येतं.

योकोहामाच्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला हलक्या लाकडातून कोरलं. स्वतःच्या अंघोळीच्या टबात सोडून माझा तोल पाहिला. दोरी ओढली की मी शेपूट हलवत थोडा खाली जातो, सैल सोडली की पुन्हा वर तरंगतो. म्हाताऱ्याने मान डोलावली. तेवढीच शाबासकी, पण मला पुरली.

पुढे हातोहात फिरत मी कसाई नावाच्या वस्तीतल्या, मासेमारीच्या जुन्या सामानाच्या दुकानात आलो. तिथे मला अंबरीषने घेतलं. हा पुण्याचा सॉफ्टवेअरवाला, बायकोबरोबर तिथल्याच हिगाशी-कसाई भागात राहायचा. जवळच्या नदीत सुझुकी येतो, म्हणजे समुद्रातून आत शिरणारा मोठा चंदेरी बास मासा. तीन वर्षं खटपट करूनही अंबरीषला एकही मिळाला नव्हता. आता कंपनी त्याला पुण्याला परत पाठवणार होती. जाण्याआधी एक तरी सुझुकी हातात धरायचा, एवढंच त्याच्या मनात होतं.

मिळणार कसा? रॉड त्याचा समुद्रकिनाऱ्यावरचा, लांबलचक. आमिषं वजनदार, थेट तळाला जाणारी. ऑफिसात सगळं मोजूनमापून करणारा माणूस नदीवर मात्र लांब फेकण्याच्या नादी लागला होता, आणि मासा फिरत होता पायाखालच्या भिंतीलगत. दुकानदाराने त्याला समजावलं, “नदी उथळ आहे. वरच्या पाण्यात चालणारं घ्या.” तेव्हा कुठे आखूड रॉड आणि मी, अशी योग्य जोडी जमली. दोरी मात्र त्याने जुनीच ठेवली, अगदी बारीक. हट्टीच होता तो.

घरी त्याच्या बायकोने, कश्मिराने, मला हातात घेतलं. गळाच्या टोकाजवळ एक उलटा दात असतो. रुतलेला गळ निसटू नये म्हणून. तिने नेमकं त्यावर बोट ठेवलं.

“आपल्याकडे मासा शिजत नाही. तू सोडूनच देणार ना?”

“हो, फोटो काढून लगेच.”

“मग हे कशाला?”

“ते नसेल तर सुटतो गं. शेवटचा शनिवार आहे माझा.”

“सुटू दे. पण दोरी तुटली आणि हे लाकूड त्याच्या तोंडात राहिलं, तर त्याने खायचं कसं?”

अंबरीष उठला. मग पक्कड आणून त्याने माझे सगळे दात चेपून टाकले. मला संताप आला. एवढी वर्षं धार सांभाळली ती काय यासाठी? माझी किंमत गेली असंच मला वाटलं.

शनिवारी संध्याकाळी दोघं नदीवर आली. भरतीच्या पाण्यात त्याने मला पुलाच्या खांबाजवळ टाकलं. मी माझी चाल दाखवली आणि खालून दणका बसला. सुझुकी! त्याने पाण्याबाहेर उडी मारली. त्या दोघांनी त्याला डोळे भरून पाहिलं.

“दोरी ताणून धर,” कश्मिरा म्हणाली.

त्याने धरलीही होती. पण मासा खांबामागे वळला आणि ती बारीक दोरी खांबाला चिकटलेल्या शिंपल्यांवर घासून तुटली. मासा मला घेऊन पुलाखालच्या अंधारात निघाला. त्याच्या तोंडात मी आडवा रुतलेला, त्याला जबडा मिटता येईना. मित्रांनो, मला त्याची भीती कळली. त्याने जोरात डोकं झटकलं, पुन्हा झटकलं, आणि माझे गळ सहज निसटले. तो गेला. मी वर आलो.

अंबरीष कठड्याला धरून उभा होता, चेहरा पडलेला. “तोंडात घेऊन गेला गं तो,” एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

“अरे, तो बघ. वर आलाय,” कश्मिरा म्हणाली.

मासा उचलून घ्यायची, तीन वर्षं कोरडी राहिलेली त्याची जाळी त्या दिवशी पहिल्यांदा भिजली, आणि तिच्यात मासा आला तो मी. अंबरीषने माझे गळ निरखून पाहिले.

“सुटला,” तो म्हणाला. “जेवेल आज.” आणि खाली बसून हसत सुटला. हात रिकामे असलेला इतका खूश माणूस मी पाहिला नव्हता.

त्याने मला पुण्याला नेलं नाही, ऑफिसातल्या ओनो-सानना दिलं. आता मी कावासाकीत, तामा नदीवर कामाला आहे. दोरी जाड आहे, दात नाहीत, आणि काम चोख चालू आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधी रॉड, दोरी, गळ निवडायला जाल. मासा कसा अडकेल, हे दुकानदार न विचारता सांगेल. तो कसा सुटेल, हे तुम्ही विचारा.